भिवराबाईचं बोट

“तोंड उघड, पोरी,” भिवराबाई म्हणाली. सोळा वर्षांच्या संस्कृतीला तोंड धड उघडताही येईना. जबडा आवळलेला, लाळ ओठांवरून गळत होती. मोबाईलच्या उजेडात घशाची डावी बाजू लालभडक फुगलेली दिसली. पडजीभ पार उजवीकडं ढकलली गेली होती.

“पाच दिस झाले. थुंकीसुद्धा गिळवंना तिला,” पोरीचे वडील सुंदरराव म्हणाले. “तेवढी पडजीभ उचल. तुझ्या हाताला लई गुण हाय.”

नेकनुरात कुणाचा घसा धरला की लोक भिवराबाईचं दार गाठायचे. मिठात बुडवलेलं बोट ती घशात घालायची, पडजीभ वर दाबायची. दोन दिवसांत दुखणं उतरायचं. आपल्या बोटावर तिचा देवाइतका भरवसा होता. आणि हा माणूस कधीतरी त्या बोटासाठी दारात येईल, याची ती पाच वर्षं वाट बघत होती.

तेव्हा तिची लेक वनमाला सतरा वर्षांची होती. घसा धरला, ताप चढला आणि एका दुपारी श्वास लागला. भिवराबाई सुंदररावांच्या दारी पळाली. जीप दारातच उभी होती. “प्रचाराची गाडी हाय ती, दवाखान्याची न्हाई,” एवढं बोलून सुंदरराव पानाला चुना लावत बसले. टेम्पो मिळेपर्यंत उशीर झाला. बीडच्या अलीकडंच लेकीनं मान टाकली.

भिवराबाईनं मिठाची वाटी फळीवर ठेवून दिली.

“न्हाई उचलत.”

“कावून?”

“तुमची हाय म्हणून. तडफडू द्या. माझीबी तडफडली.”

“पोरीच्या जिवावर सूड घेती व्हय गं?”

“घेते. गावभर सांगा.”

सुंदररावांनी शिव्या घालत पोरीला जीपमध्ये बसवलं आणि बीडचा रस्ता धरला. धुरळा खाली बसेपर्यंत भिवराबाई दारात उभी होती. आता ही पोर वाचत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आठव्या दिवशी सुंदरराव परत आले. भिवराबाई पदर खोचून भांडणाला उभी राहिली. त्यांनी लुगडं-चोळी तिच्यापुढं ठेवली आणि खाली वाकून पाया पडले.

“भिवराबाई, तुमच्यामुळं पोर वाचली. जंतूंमुळं आत पू झालता. या वयाच्या पोरांत होतो म्हणे. डॉक्टरनी सुईनं काढला. म्हणले, बरं झालं, कुणी बोट घातलं न्हाई. दाबून फुटला असता तर सगळा पू छातीत उतरला असता, पोर हाती लागली नसती.” त्यांनी डोळे पुसले. “तुमाला ते दिसलं होतं. मला बीडला पिटाळायलाच तसं बोललात, व्हय ना?”

भिवराबाईची नजर फळीवरच्या मिठाच्या वाटीकडं गेली.

वनमालाची पडजीभ तिनं तीनदा उचलली होती. तिसऱ्यांदा बोटाखाली काहीतरी फुटलं, तेव्हा तीच लेकीला म्हणाली होती, “झालं बघ मोकळं.”