मीटर कुठाय?

“बाकी सगळं ठीक आहे, पण मीटर कुठाय?” विमानरावांनी विचारलं.

दुकानातली मुलगी गोंधळली. तिने दांडा पाहिला, माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. “काका, बाबागाडीला मीटर नसतो.”

“तीन चाकं आहेत आणि मीटर नाही? कमाल आहे.”

“बाबा, पुरे आता,” सून म्हणाली आणि तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

विमानराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी रिक्षा चालवली, आणि ती जमिनीला टेकते की नाही अशी शंका आल्याने स्टँडवरच्या मंडळींनी त्यांचं हे बारसं केलं. दोन महिन्यांपूर्वी वयाचा आकडा आडवा आला आणि रिक्षा विकावी लागली. तेव्हापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाला नावं ठेवत. आज सून आपण होऊन म्हणाली, “बाबा, नातीला तीनचाकी घ्यायचीय. चला, तुम्हाला कळतं त्यातलं.” तिचं वाक्य संपायच्या आत विमानराव जिन्यात होते. एका पायात चप्पल मुलाची होती, पण ते नंतर लक्षात आलं.

वाटेत मात्र तिने हळूच सांगितलं, की सोमवारपासून तिचं ऑफिस सुरू होतंय आणि परत जाताना पाळणाघरात फॉर्म द्यायचाय. ‘मी आहे की घरी’ हे शब्द विमानरावांच्या अगदी ओठांवर आले होते. पण सून त्यांच्या रिक्षात आयुष्यात एकदाच बसली होती, आणि उतरल्यावर दहा मिनिटं विजेच्या खांबाला धरून उभी होती. त्यांनी ते शब्द गिळले. म्हणजे गाडी निवडायची आपण आणि आपल्या नातीला फिरवायचं दुसऱ्याने! त्यांना फार वाईट वाटलं. निदान गाडी तरी एक नंबर निवडू, असं त्यांनी ठरवलं.

पहिलीचं पुढचं चाक डुगडुगत होतं. दुसरीचा टप खाली घेताना करकरला. “पोर झोपलेली असेल तर उठून बसेल,” म्हणून ती बाद झाली. तिसरीखाली ते भर दुकानात उताणे झोपले, आणि गिऱ्हाइकं त्यांच्या पायांना वळसा घालून जाऊ लागली.

चौथी लाल होती. तिच्याभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला शीळ घातली.

“ट्रायल,” ते म्हणाले. मुलीने हौसेने आत एक भलीमोठी बाहुली बसवली.

तिथेच घोटाळा झाला. हातात गाडी, समोर मोकळा रस्ता आणि आत बसलेलं भाडं, दोन महिन्यांनंतर! विमानरावांचं भान सुटलं. दुधाच्या बाटल्यांच्या कपाटाला त्यांनी कट मारला, वळताना हात बाहेर काढून दाखवला, तोंडाने भोंगा वाजवला आणि उशांपाशी यू-टर्न घेतला. गाडी वळली. बाहुली सरळ गेली. उशांच्या ढिगात ती डोक्यावर पडली आणि तिच्या पोटातलं यंत्र म्हणालं, “बाय-बाय!”

दुकानभर हशा पिकला. सून तेवढी हसली नाही. संपलं, विमानरावांच्या मनात आलं. उरलंसुरलंही आपण आपल्या हाताने घालवलं.

पण बाळाला भलतंच आवडलं होतं. ते आईच्या खांद्यावर उड्या मारू लागलं आणि दोन्ही हात गाडीकडे पसरून किंचाळू लागलं. सुनेने बराच वेळ विचार केला. मग बाळाला आत ठेवलं, पट्टा लावला, ओढून पाहिला. विमानरावांनी तो पुन्हा ओढून पाहिला.

आणि ते निघाले. निघाले म्हणजे, निरखून पाहणाऱ्यालाच कळावं एवढे निघाले. फरशीच्या प्रत्येक सांध्यापाशी चाक अलगद उचलून पलीकडे ठेवलं. वळणावर मान लांब करून पलीकडचं पाहून घेतलं. बाळाचा मोजा पडला तेव्हा आधी ब्रेक लावला, लागलाय ना ते हलवून पाहिलं आणि मगच वाकले. भोंगासुद्धा कुजबुजत वाजवला. बाळ खिदळत होतं आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती.

“अहो काका, चला की पुढे!” रांगेतला एक जण वैतागून ओरडला.

“जरा दमानं घ्या,” विमानराव मागे न बघता म्हणाले. “आत बाळ आहे.”

हे वाक्य चाळीस वर्षांत मागच्या सीटवरून त्यांना हजारदा ऐकू आलं होतं. ते म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

गाडी एकदाची काउंटरपाशी पोचली. मुलगी वॉरंटीचं कार्ड घेऊन बसली होती. “कुणाच्या नावावर करू?”

“बाबागाडी आहे ना?” सून म्हणाली. “मग बाबांच्याच नावावर करा.”

तिने पर्समधून पाळणाघराचा फॉर्म काढला आणि बाळाच्या हातात दिला. बाळाने तो आधी चाखला, मग फाडला. सून दोन पावलं पुढे गेली, वळली आणि भर रस्त्यात करावा तसा तिने हात केला.

“ओ रिक्षा! सोमवारपासून रोज, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. येणार का?”

या ‘येणार का’ला विमानराव आजवर नुसती मान हलवून भुर्रकन निघून जात आले होते. आज मात्र ते थांबले. त्यांनी आधी ब्रेक लावला. मग दांड्याच्या डाव्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिथे हात नेला आणि मीटर टाकला.