सहा लिटर समुद्र

शनिवारी दुपारी केशवराव दुकानातला तराजू घरात घेऊन आले. दोनशे दहा ग्रॅम मीठ मोजलं. भीमपूरच्या त्यांच्या किराणा दुकानात विकायचं ते नव्हे. समुद्राचं पाणी करायचं मीठ, हैदराबादहून बसनं पार्सल येणारं. टबातल्या सहा लिटर शुद्ध पाण्यात त्यांनी ते सोडलं आणि छोटा पंप लावला. उद्यापर्यंत ते फिरत राहणार होतं. दर रविवारी माशांच्या टाकीतलं सहा लिटर पाणी काढायचं आणि हे सहा लिटर घालायचं, असा त्यांचा नेम.

टाकी साठ लिटरची. आत दोन केशरी मासे, आणि दगडांवर शर्टाच्या बटणांएवढी हिरवी-जांभळी जिवंत पोवळी.

मुलगी हर्षाली हैदराबादहून सुट्टीला आली होती. तिनं मोबाईल पुढं केला. "बाबा, हे पाहा. स्किमर. पाण्यातली घाण फेस करून वर काढते."

"घाण कुठं हाय?" केशवरावांनी टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले, बूच लावून हलवलं. पाच मिनिटं थांबून नळी रंगांच्या कागदाशेजारी धरली. "पाह्य. पिवळं. लाल झालं असतं त आणली असती मशीन."

"मशीन असली का हप्त्या-हप्त्याले अडकून राहावं लागत नाही. पंधरा दिवस कुठंबी जाता येते."

"मले कुठं जायचं हाय?"

"हैदराबाद हाय."

"चारमिनार पाह्यला ना मी." ते हसले. "दोनदा."

हर्षालीनं मोबाईलकडं पाहिलं. "माशायच्या खाण्याचं प्रोटीन साठते पाण्यात," ती म्हणाली.

"दोन मासे, चिमूटभर खाणं. एवढ्याले मी पुरतो."

रविवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना केशवराव मटकन खाली बसले. आदिलाबादच्या दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले.

मयत निघाली की घरातलं भरलेलं पाणी सांडून द्यायचं असतं. मुधोळहून आलेल्या मथुरा आत्यानं पदर खोचला. माठ ओतला, हंडे ओतले, बादल्या पालथ्या घातल्या. मग कोपऱ्यातला टब. टब रिकामा झाला तरी त्यातला पंप घरघरत राहिला.

तो आवाज ऐकून हर्षाली आली. आत्या टाकीत तांब्या बुडवत होती.

"आत्या, ते नको."

"हेबी भरलेलंच पाणी हाय, बाई."

"त्यात जीव हाय."

आत्यानं तेव्हा कुठं आत पाहिलं. एक केशरी मासा तांब्याजवळ येऊन थांबला होता. तिनं हात हळूच वर घेतला. "माय वो. आन् त्या टबातलं त मी सांडून देल्लं. त्यात होतं का कोणी?"

"नाही आत्या. नुसतं मीठ होतं."

आत्या मोरीच्या कडेला बसली. आल्यापासून ती कामातच होती. आता रडायला लागली.

सोमवारी हर्षालीनं त्याच तराजूवर दोनशे दहा ग्रॅम मोजले. मंगळवारी, राख सावडून माणसं परतल्यावर, तिनं नळीत टाकीतलं पाणी घेतलं. थेंब टाकले. पाच मिनिटं थांबली. मग पुन्हा एकदा सगळं केलं. दोन्ही वेळा पिवळं.

तिनं सहा लिटर पाणी काढलं आणि नवं सोडायला घेतलं, मासे बुजू नयेत म्हणून हातातला मग काचेला टेकवून, बारीक धारेनं.

आई दारात येऊन उभी राहिली. "आदिलाबादहून तो टाकीवाला राजकुमार आलता भेटाले. मशीन बसवून देतो म्हणे. घे बसवून. मंग टाकीपायी तुले घडीघडी यावं लागणार नाही."

"गरज नाही तिची, आई. मी येत जाईन."

"आता काऊन नाही? बाबाच्या त मांगंच लागली होती, लावा म्हणून."

वरच्या दगडावरची, पाण्याबाहेर उघडी पडलेली पोवळी मिटून गेली होती. पाणी चढलं तशी ती एकेक करून उघडू लागली. हर्षालीनं हातातला मग तसाच काचेला टेकवून धरला. ती आईकडं वळली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मशीन टाकीसाठी नव्हतीच. तुमी माह्याकडं येऊन राहावं म्हणून होती. मले करमत नाही तुमच्याबिगर."