झिजलेल्या पायऱ्या

चित्रपटासाठी जादूच्या मंदिराचा पुठ्ठ्याचा नमुना ताईने एकटीने घडवला होता. सकाळी वर्कशॉपमध्ये येऊन पाहते तर त्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या कामाला हात कोणी लावला?" ती धाकट्या भावावर कडाडली.

"शपथ, ताई! मी कशाला लावू?"

"मग काय भुतं चढली-उतरली?"

तिने त्या पायऱ्या उपटून फेकल्या, नव्या चिकटवल्या आणि खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी नव्या पायऱ्याही तशाच झिजलेल्या होत्या. इतक्या गुळगुळीत, जणू पिढ्यानपिढ्या लोक त्यांवरून जात-येत होते.

भावाचा चेहरा उतरला. "ताई, हे काम सोडून देऊ या."

"मेहनत माझी आणि माज दुसऱ्याचा? चालायचं नाही!"

तिने मंदिराच्या बोटभर दारावर पुठ्ठ्याची पट्टी दाबली, वरून भरपूर गोंद ओतला आणि ओरडली, "आता करा ये-जा!"

गोंद सुकला. तेवढ्यात आतून दारावर थाप पडली. मग थापांचा भडिमारच सुरू झाला. आत जे कोणी होतं, ते तिच्याहून कितीतरी जास्त संतापलेलं होतं.