राणीचं माहेर

मस्कतच्या मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी चौथीतल्या उर्वीनं एक जर्मन राजकन्या निवडली, आणि यशश्रीनं लेकीला भाषण मराठीत लिहून दिलं. सतराव्या वर्षी लग्न होऊन परक्या देशात आलेली ही राणी पुढे कधीच माहेरी जाऊ शकली नाही, अगदी आई वारली तेव्हासुद्धा.

"मम्मा, माहेर म्हणजे?"

"आईचं घर, बाळा."

"पाठ झालं ना? मग खलास! जेवायला वाढ आता," उर्वीचा बाबा सागर म्हणाला. हे 'खलास' त्याला ऑफिसात चिकटलं होतं. घरातला कुठलाही विषय तो त्याच एका शब्दात मिटवून टाकायचा.

स्पर्धेत उर्वी राणीच्या आईच्या मरणापर्यंत घडाघडा बोलली आणि तिथेच अडली. पुढचं काही केल्या आठवेना, तेव्हा तिनं मनानंच रेटून दिलं.

"मग राणीची आई एक्स्पायर झाली. राणी म्हणाली, मला जायचंय. राजा म्हणाला, आता जाऊन काय करणार? खलास! मग राणीनं सगळं मोबाईलवर बघितलं, आणि बाथरूममध्ये नळ सोडून खूप रडली."

राजाच्या तोंडी खलास आणि राणीच्या हातात मोबाईल! हॉलमध्ये असा हशा पिकला की परीक्षकांनाही आवरेना.

हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत सागर शेजारी बसलेल्या यशश्रीला म्हणाला, "कुठून सुचतं गं हिला हे सगळं?"