ब्रेकची काजळी

"नटांच्या खोबणीत बघ. तिथे तशीच आहे," नितेश म्हणाला.

अश्लेषाने जुना टूथब्रश उचलला आणि पुढच्या चाकाशी पुन्हा उकिडवी बसली. ब्रेकची काळी पूड दहा वर्षं त्या चाकावर भाजून बसली होती. शाम्पूला ती दाद देत नव्हती. तिने बाटलीतला फवारा मारला. काळ्याचं जांभळं झालं, ओघळायला लागलं. कुजक्या अंड्यांसारखा वास सुटला.

"दोन मिनिटं थांब. पण सुकू देऊ नकोस."

"वाचलंय मी बाटलीवर."

"वाचलंयस, तर मागचं चाक असं कसं?"

ती ब्रश घेऊन मागच्या चाकाकडे सरकली. नितेश दारातच उभा होता, हातावर उघडा लॅपटॉप. या आठवड्यात तो ऑन-कॉल होता. कंपनीचं काही बंद पडलं की पाच मिनिटांत उत्तर द्यावं लागायचं, शनिवार असो नाहीतर रविवार.

मंगळवारी अश्लेषा आणि रेवा नागपूरला जाणार होत्या. जाणार म्हणजे पाठवल्या जाणार होत्या. परतीचं तिकीट नव्हतं. सात वर्षांच्या रेवाचं नाव शाळेतून काढून झालं होतं. "दोन-तीन वर्षं माझ्या आईबाबांकडे राहा, डोकं ठिकाणावर येईल," असं नितेशने ठरवलं होतं. तो इथेच राहणार होता.

जूनमध्ये अश्लेषा एकदा 'नाही' म्हणाली होती. मग तीन आठवडे तिच्या करंगळीला प्लास्टर होतं. बोट दारात सापडलं, असं तिने डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि तसंच लिहून घेतलं.

तेव्हापासून गाडीची किल्ली नितेशच्या खिशात. अश्लेषा दुकानात गेली की रेवा घरात. रेवाला कुठे सोडायचं असलं की अश्लेषा घरात. दोघी एकदम उंबऱ्याबाहेर पडायच्या नाहीत. एक घरात असली की दुसरी परत येतेच. हुशार माणूस. इथल्या ॲडम्सटाउनच्या मराठी मंडळींच्या गणपतीत दरवर्षी हिशेब त्याच्याकडेच असायचा.

शेजारचा जयेश कुत्रा घेऊन चालला होता. थांबला.

"काय वहिनी, चाकं घासताय की पितळेची भांडी? आमच्याही गाडीला बोलवू का?"

"बोलवा की."

"नित्या, लेका, बायकोला कामाला लावून तू दारात उभा! मजा आहे तुझी."

"ट्रेनिंग आहे, ट्रेनिंग," नितेश हसला.

जयेशही हसला. दोघांच्या घरांमधली भिंत विटेची नव्हती, नुसत्या पोकळ फळ्यांची होती. जूनमधली ती रात्र त्याने ऐकली नसेल असं होणं शक्यच नव्हतं. त्याने कुत्र्याची दोरी ओढली आणि निघून गेला.

अकराला गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं. साठीची बाई, आखूड पांढरे केस, अंगात निळा रेनकोट. स्टेशनवरून चालत आली होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि वाकून चाकांकडे बघितलं.

"अरे वा! दहा वर्षांच्या गाडीला अशी चाकं मी बघितली नाहीत."

"मी दर महिन्याला स्वतः घासतो," नितेश इंग्रजीत म्हणाला.

अश्लेषाच्या हातमोज्यांतून जांभळं पाणी गळत होतं.

बाईने कागद बघितले, बॉनेट उघडून बघितलं, मान डोलावली. "ग्रँड, झकास आहे. किमतीचं माझं काही म्हणणं नाही. एकदा चालवून बघते. आणि या छोटीला मागे बसवू का? माझी नात एवढीच आहे. पायांना जागा पुरते का, ते कळेल."

नितेशने रेवाकडे बघितलं. मग अश्लेषाकडे. तेवढ्यात लॅपटॉप किणकिणला. त्याने स्क्रीनवर नजर टाकली आणि दातांत एक शिवी चावली.

"मला हलता येणार नाही," तो मराठीत पुटपुटला. "तू बस हिच्या बाजूला. अनोळखी बाईच्या हातात अख्खी गाडी कशी द्यायची?"

"मी बसले काय नि न बसले काय, फरक काय पडतो?"

"तोंड चालवू नकोस. स्टेशनपर्यंत जायचं आणि परत. दहा मिनिटं. डोळा ठेव तिच्यावर."

"आणि रेवा?"

लॅपटॉप दुसऱ्यांदा किणकिणला. भाव मान्य करणारं दुसरं गिऱ्हाईक मंगळवारच्या आत मिळणार नव्हतं.

"ने तिलाही. जा."

त्याने किल्ली बाईच्या हातावर ठेवली. रेवा कुणाकडेही न बघता मागे जाऊन बसली. अश्लेषाने हातमोजे काढून बादलीच्या काठावर टाकले.

"आल्यावर चाकांवर कोरडा फडका मार," तो मागून ओरडला. "पाण्याचे डाग राहतील!"

गाडी कोपऱ्यावरून वळली. बाईने गिअर बदलला, एकदा पाय दाबून बघितला.

"ब्रेक चांगले लागतात."

"हो."

स्टेशन आलं. स्टेशन मागे पडलं. पुढच्या गोल चौकात परतीचा रस्ता डावीकडे होता. बाईने तो सोडला, अर्धा वळसा घेतला आणि पश्चिमेकडच्या मोटरवेची पाटी पकडली. काटा ऐंशीच्या पुढे गेला. अश्लेषा समोर बघत होती. ती ओरडली नाही. तिने फोनलाही हात लावला नाही.

मागच्या सीटवर पट्टा ताणल्याचा आवाज झाला. रेवा दोन सीटच्या मधून पुढे झुकली आणि पहिल्यांदाच तिने त्या बाईकडे बघितलं.

"मम्मी," तिने हळूच विचारलं, "कॅन आय से हाय टू मॉरा नाऊ?"