रिकामी खाच

"वहिनी, जरा बाथरूमला जाऊन येऊ का?" लियाव मिस्त्रीने हातातलं ड्रिल खाली ठेवत विचारलं. "शेवटच्या दोन तारा राहिल्यात."

पेइ-शान दचकली. दोन तास ती निंग-निंगला कडेवर घेऊन त्याच्या हातांवर नजर ठेवून उभी होती. अकराव्या मजल्यावरच्या सज्ज्याला तो पोलादी तारा बसवत होता. मूल रांगायला लागलं की काओशुंगच्या या इमारतीत सगळेच बसवून घेतात. सज्ज्याच्या उंबऱ्याशी पुठ्ठा अंथरून त्याने आपल्या सहा काळ्या पेट्या उघडून ठेवल्या होत्या. येताना त्या एकीवर एक अडकवून, चाकांच्या गाडीवरून आणल्या होत्या. तिच्या खांद्याएवढी चळत. एवढ्यात काय काय येतं, असं तिला तेव्हाच वाटलं होतं. आणि काय काय जाऊ शकतं, असंही.

बाथरूम झोपायच्या खोलीतून होतं. तिथेच कपाट, आणि कपाटात लग्नातलं सोनं.

"या," ती म्हणाली. मुलीला चटईवर ठोकळ्यांपुढे बसवून ती त्याच्या मागोमाग निघाली.

"एवढं एक मला एकट्याला जमतं, वहिनी," तो दारात वळून म्हणाला.

ती हसली नाही. कपाटाला पाठ लावून उभी राहिली. पाण्याचा आवाज आला, थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. इतका वेळ कशाला लागतो माणसाला? तो बाहेर आला तेव्हा त्याचे हात ओले होते. तिने आधी खिसे पाहिले.

पुढच्या दहा मिनिटांत दोन्ही तारा ताणून झाल्या. निंग-निंगनेही त्रास दिला नाही. चटईवर बसून होती, शहाण्यासारखी गप्प.

"लोंबकळून बघा हवं तर," तो म्हणाला.

पेइ-शानने एकूण एक तार ओढून पाहिली. तोवर तो आवरायला लागला. प्रत्येक पेटीत जाड काळा फोम, आणि फोममध्ये हत्याराच्या आकाराची खाच. पक्कड पकडीच्या खाचेत, पाना पान्याच्या. सगळ्या भरल्या की वरून तळवा फिरवायचा, झाकण लावायचं, पेटी चळतीवर बसवून दोन्ही बाजूंचे खटके दाबायचे. पाच पेट्या झाल्या. सहाव्या पेटीवर त्याचा तळवा थांबला.

"एक कमी आहे."

"काय?"

"ड्रिलला लावायचं बिट. एवढंसं." त्याने करंगळीचं पेर दाखवलं.

"म्हणजे आम्ही घेतलं?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग खिशात बघा की तुमच्या."

त्याने खिसे उलटे करून दाखवले. रुमाल, गाडीची किल्ली, अर्धी संपलेली खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी. तिला जरा बरं वाटलं, जरा ओशाळल्यासारखंही झालं. तो गुडघ्यांवर बसून उंबऱ्याची फट चाचपू लागला. मग पडद्याखाली. मग त्याची नजर घरात फिरायला लागली, तशी ती पुन्हा ताठ झाली.

"नवीन घ्या, पैसे मी देते. पण आता निघा. माझा नवरा येईल इतक्यात." नवरा रात्री आठशिवाय येत नव्हता.

"येऊ द्या. पैशाचं नाही, वहिनी. वीस वर्षं हवाई दलाच्या तळावर विमानांची कामं केली मी. खाच रिकामी असली की विमान जागचं हलायचं नाही. बिट जातंय कुठे? कुठेतरी असतंच ते. विमानाच्या पोटात असलं तर—"

तो बोलायचा थांबला. चटईकडे पाहत राहिला.

"मी आत गेलो तेव्हा बाळ कुठे होतं?"

"इथेच होती," पेइ-शान म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला दिसलं. ठोकळे ठेवले तसेच रचलेले होते. निंग-निंगचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि एक गाल किंचित वर आला होता.

"ओरडू नका," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "धावूही नका. दचकली तर गिळेल. हसत जा."

पेइ-शान हसली. हसत हसत चटईपर्यंत गेली, खाली बसली. "आ कर बघू, माझी सोनुली." पोरीने ओठ आणखी आवळले. तिने एका हाताने हनुवटी धरली, गालाच्या कडेने बोट आत सारलं, वाकवलं. लाळेच्या तारेसकट पोलादाचा तुकडा तिच्या तळहातावर पडला. निंग-निंगने भोकाड पसरलं.

मिस्त्रीने बिट सदऱ्याला पुसलं, खाचेत बसवलं, आणि झाकणाला हात घातला.

"थांबा," ती म्हणाली. "सगळ्या उघडा."

"बाकीच्या बघितल्यात मी."

"उघडा म्हणते ना."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग वाद न घालता खटके सोडले आणि एकेक पेटी उतरवून पुन्हा पुठ्ठ्यावर ओळीने मांडली. रडणाऱ्या पोरीला छातीशी धरून पेइ-शान गुडघ्यांवर बसली आणि पहिल्या पेटीपासून प्रत्येक खाचेत बोट घालून पाहू लागली. त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने तो न बघताच बंद केला. काळ्या फोममध्ये तिला नीट दिसत नव्हतं. तो टॉर्च काढून तिच्याशेजारी वाकला, आणि जिथे जिथे तिचं बोट जाईल तिथे तिथे उजेड धरत राहिला.