ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं

"लाव म्हणते ना! आजच्या दिवस लाव, उद्यापासून हात लावू नको." क्रीमची जुनी ट्यूब पुढं करून आई, सगुणाबाई, अगदी काकुळतीला आली होती. "पाव्हणे रेणापुरातून निघाले. तीन-साडेतीन तासांत दारात उभे राहतील, अन् तू अशी!"

ज्ञानेश्वरी आरशासमोर बसली होती. गाल तांबडेलाल, नाकाच्या दोन्ही अंगांनी पापुद्रे सुटलेले, हनुवटीवर पुरळ. तोंड उघडलं तरी कातडी ताणून आग व्हायची. अन् बायोडाटावरचा फोटो बघावा तर काय गोरीपान! पाव्हणे तोच फोटो बघून निघाले होते.

दोन वर्षांपूर्वी पहिली सोयरीक रंगावरून मोडली, तेव्हा सगुणाबाईनं एका मेडिकलमधून ही ट्यूब आणली. आठ दिवसांत पोरगी उजळली. अर्धापुरातल्या आयाबाया विचारून विचारून बेजार करायच्या, काय लावतेस गं माय? दोन वर्षं घरात ट्यूब येत राहिली, पिळून पिळून संपत राहिली. पण एकानं ती उलटी करून वाचली असेल तर शपथ! बी.एस्सी. झालेल्या ज्ञानेश्वरीनंसुद्धा नाही. मग उन्हात गेलं की गाल पेटायला लागले, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटी केली अन् लाल रेघेजवळच्या ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. आत स्टेरॉइड होतं.

"ही बंद. चेहरा पेटेल, पेटू द्यायचा," त्या म्हणाल्या होत्या. "साधं, हलकं मॉइश्चरायझर तेवढं लावायचं. मधेच ही परत लावलीस, तर मोजणी पुन्हा एकपासून."

आता साधं म्हणजे कोणतं? पोरीनं नांदेडची चार दुकानं पालथी घातली. ट्यूबमागच्या घटकांच्या यादीत जे जास्त असतं ते आधी लिहितात, एवढं तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. एका ट्यूबवर ही मोठी कोरफड छापलेली. मागं बघावं तर कोरफड पार तळाला, सुगंधाच्याही खाली. दुसरीत अल्कोहोल दुसऱ्याच नंबरला. तिसरीत बदामतेल, लावलं की चेहऱ्यावर थर बसणार. चौथ्या दुकानातला माणूस वैतागला, "ताई, क्रीम घेऊन राहिल्या का पेपर तपासून राहिल्या?" ती हटली नाही. शेवटी एक सापडली. पाणी, ग्लिसरीन अन् पुढं जेमतेम सात-आठ नावं. वास नाही, चिकटपणा नाही. गोरं करते असं तर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

जुनी ट्यूब बंद केल्याला आज सतरावा दिवस होता.

"अगं, ही तिसरी सोयरीक हाय," सगुणाबाई रडवेली झाली. "हीबी गेली तर तुझा बाप अंथरूण धरील. दुपारपर्यंत लाली बसते, मला ठाऊक हाय. एकदाच!"

ज्ञानेश्वरीनं जुन्या ट्यूबचं झाकण काढलं. वाटाण्याएवढी क्रीम बोटावर घेतली. बोट गालापाशी नेलं. किती सोपं होतं! अन् मग तिला पहिला आठवडा आठवला. ओला फडका गालावर दाबून, दात खाऊन काढलेला. तिनं बोट फडक्याला पुसलं.

"माय, पुन्हा एकपासून मोजायचं बळ न्हाई माझ्यात."

सगुणाबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

पाव्हणे आले. पोहे झाले, पाणी झालं. ज्ञानेश्वरी पदर घेऊन समोर बसली. मुलाच्या मावशीनं मोबाइल काढला, फोटो बघितला, पोरगी बघितली, पुन्हा फोटो बघितला. "चेहऱ्याला काय झालं म्हणायचं?" तिनं विचारलं. बाप, शेषेराव, घशातल्या घशात "उन्हानं…" म्हणाला अन् जमिनीकडं बघू लागला. ज्ञानेश्वरीला वाटलं, धरणी दुभंगावी. संपलं सगळं! उठून आत पळावं अन् ती ट्यूब अख्खी तोंडाला फासावी.

मुलाचा मामा तेवढा समजूतदार निघाला. "दोघांला जरा बोलू द्या. आता जमाना बदलला," तो म्हणाला.

ओसरीवर दोन खुर्च्या टाकल्या. मुलगा सुदर्शन, तेहतीस वर्षांचा, घरची शेती करणारा. तो मान खाली घालून बसला होता. नकार कसा सांगावा याचा विचार करत असणार, ज्ञानेश्वरीनं मनाशी म्हटलं. आता गमवायचं काय राहिलं होतं? तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

चेहरा गोरा होता. पण ते गोरेपण कॉलरपाशी एकदम संपत होतं. मान अन् कान रापलेले, काळेभोर. गालावरची कातडी पातळ, चकचकीत, आत लाल शिरांचं बारीक जाळं. असे गाल ती दोन वर्षं रोज आरशात बघत आली होती.

"तुम्ही कोणती ट्यूब लावता?" तिनं विचारलं.

सुदर्शन दचकला. हात आपसूक गालावर गेला. त्यानं दाराकडं बघितलं. मावशी आत कुणाशी तरी कुजबुजत होती.

"मी सोडली," ती म्हणाली. "सतरा दिवस झाले. म्हणून असं तोंड झालंय."

 त्यानं खुर्ची थोडी पुढं ओढली अन् आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मी दोनदा सोडून बघितली. तिसऱ्या दिवशी सहनच होईना. तुम्ही कसं सोसलंत?"